राखणीतला जॉन्सन

परवा तिसगावच्या बाजारात गोफणी टांगलेल्या दिसल्या. नायलॉनच्या, गुलाबी आणि पोपटी. मी थांबलो, एक हातात घेतली, मधला पट्टा चाचपून पाहिला. इतका घट्ट विणलेला की त्यात गोटा काय, चिंचोका बसला नसता. "हिनं पाखरू उडंल का हो?" मी विचारलं. विकणारा हसला. "पाखराला कशाला, सायेब? हुरडा पार्टीवाले नेत्यात. भितीला लावायची, फोटू काढायचा." मी गोफण परत खुंटीला लावली आणि दिवसभर उगाच चिडचिड करत राहिलो. राग त्या बिचाऱ्या गोफणीचा नव्हता. ज्वारी हुरड्यात आली की मला असंच होतं.

आमच्याकडं हे दिवस फार रिकामे असतात. दसरा झाला की कोयते ऊसतोडीला निघतात, ट्रॅक्टरमागं ट्रॅक्टर जातात, आणि दिवाळी सरेपर्यंत अर्ध्या गावाला कुलपं लागलेली असतात. मागं राहतात ती म्हातारी माणसं आणि कुत्री. ज्वारी मात्र ह्याच दिवसांत भरात येते. पुरुषभर उंच ताटं, दव सुकल्यावर पानांची सळसळ, कणसात दाणा एवढा कोवळा की नखानं दाबला तर दूध यावं. माणसं नसलेल्या गावात एवढी भरलेली शिवारं बघून मला लहानपणापासून कसंतरी होतं. लग्नाचा मांडव सजलाय आणि वऱ्हाडच आलेलं नाही, असं काहीसं.

माणसं नसली तरी पाखरं येतात. चिमण्या, पोपट, आणि सगळ्यांत वाईट त्या भोरड्या. गुलाबी पोटाच्या, काळ्या डोक्याच्या. हजारांनी येतात आणि एका बसणीत कोपरा साफ करतात. त्यांच्यासाठी राखण. चार खांबांवर माळा बांधायचा, वर चढून उभं राहायचं, हाळी द्यायची, गोफण फिरवायची. दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत. माझे वडील, तात्या, ह्या कामात नामांकित होते. त्यांची हाळी तीन शेतांपलीकडं जायची आणि गोफणीचा बार झाला की आई चुलीपाशी म्हणायची, "उठले बाई भीष्माचार्य."

मला ह्यातलं काहीच आलं नाही. माझ्या गोफणीतला गोटा पाखरांना सोडून माझ्याच पाठीत बसायचा. मी शिकलो, पुण्याला गेलो, आणि मला काम कसलं मिळालं म्हणाल, तर मोबाईलवरचे खेळ तपासायचं. त्यातही बेसबॉलचा खेळ. ज्या खेळाचं मैदान मी डोळ्यांनी कधी पाहिलं नाही, त्यातले खेळाडू मी दिवसभर बनवायचो. उंची, वजन, रंग, नाक, हनुवटी, केस. सगळ्याला एकेक पट्टी, त्यावर बोट सरकवायचं की माणूस बदलतो. टोपी घातल्यावर कान टोपीतून बाहेर फुटत नाही ना, दाढी हनुवटी सोडून हवेत लोंबत नाही ना, हे बघायचं आणि चूक सापडली की कळवायची. गावात सांगितलं तेव्हा शेजारचे अण्णा म्हणाले, "म्हंजी तू बाहुल्या करतूस." मी नाकानं कांदे सोलत त्यांना काहीतरी मोठं समजावलं. पण बरोबर होतं त्यांचं.

त्या खेळात चेंडू टाकणाऱ्याला पिचर म्हणतात. तो एका उंचवट्यावर एकटा उभा असतो. समोरचा बॅट घेऊन येतो, चेंडू मारून पहिल्या बेसवर, म्हणजे पहिल्या थांब्यावर, पोचायचं बघतो, तिथून दुसऱ्या, तिसऱ्या, आणि फिरून निघाला तिथंच परत आला की एक धाव. पिचरचा सगळ्यांत मोठा पराक्रम कोणता? तर सत्तावीस जण आले आणि सत्तावीसच्या सत्तावीस जण तसेच माघारी गेले. एकालाही पहिल्या बेसला पाय लावू दिला नाही. त्याला परफेक्ट गेम म्हणतात. खऱ्या मैदानात तो क्वचित घडतो, आणि मोबाईलवरही घाम काढतो. मला पहिल्यांदा हे समजलं तेव्हा मनात म्हटलं, हात्तिच्या, म्हणजे राखणच की ही. एकही पाखरू कणसावर बसू द्यायचं नाही.

मग ते साल आलं. ऐन पेरणी उरकल्यावर तात्यांच्या अंगावरून वारं गेलं. उजवा हात, उजवा पाय आणि वाचा, तिन्ही एका सकाळी गेली. दवाखाना झाला, मालिश झालं, देवाचं झालं. पायात थोडं बळ आलं, काठीनं चालू लागले. हात लोंबताच राहिला. शब्द तर एकही परत आला नाही. कंपनीनं घरून काम करायची मुभा दिली होती म्हणून मी गावी येऊन राहिलो, आणि ज्वारी भरात आल्यावर राखणही माझ्याच गळ्यात पडली. दुसरं होतंच कोण?

रोज सकाळी तात्यांना गाडीवर मागं बसवून शेतात न्यायचो. कोपीच्या, पाचटाच्या झोपडीच्या सावलीत बाज टाकून त्यांना बसवायचं, तांब्या ठेवायचा, आणि मी माळ्यावर. वरून मला त्यांचा फेटा दिसायचा. ते शेताकडं बघायचे नाहीत. पाठ करून पलीकडच्या बांधाकडं तोंड करून बसायचे. तिथं आता डाळिंबाची बाग होती, वरून खालपर्यंत पांढऱ्या जाळीत बांधलेली. बघण्यासारखं त्यात काही नव्हतं. मला वाटायचं, आपल्याच्यानं राखण होत नाही ह्याचं दुःख आहे, म्हणून ज्वारीकडं पाठ फिरवतात. मी काही बोलायचो नाही. काय बोलणार? उत्तर न येणाऱ्या माणसाशी बोलताना आपलाच आवाज आपल्याला परका लागतो. भेटायला येणारेही तसेच. बाजेपाशी उभं राहून आईला विचारायचे, "जेवत्यात का? झोपत्यात का?" जणू बाजेवर गाठोडं आहे. आणि मीही तेच करायचो, मी काही वेगळा नव्हतो.

माळ्यावर मी मोबाईल काढायचो. हाळी द्यायची लाज वाटायची, म्हणून पत्र्याचा डबा टांगून ठेवला होता; मधूनमधून तो बडवायचा आणि पुन्हा खेळात डोकं. एक दिवस दुपारी माझा पिचर असा काही रंगात आला की समोरचे येतायत आणि जातायत. पडद्यावर दाखवायचे, त्याच्या संघातले बाकी सगळे बाकाच्या एका टोकाला दाटीनं बसलेत आणि तो दुसऱ्या टोकाला एकटा. चूक नव्हती ती. असा डाव चालू असला की पिचरशी कोणी बोलत नाही, बोललं की नजर लागते असा त्या लोकांचा समज. त्याचं भलं व्हावं म्हणूनच त्याच्याशी बोलत नाहीत. मी नंतर आईला हे सांगितलं तर तिला फार बरं वाटलं. "बघ, त्यांच्यात बी नजर लागती!"

सत्ताविसावा गेला, फटाके फुटले, माझा परफेक्ट गेम झाला. आणि खालून काठी आपटल्याचा आवाज आला. वळून बघतो तर ओढ्याकडच्या अंगाला भोरड्या बसलेल्या. अख्खा थवा. ताटं वजनानं वाकलेली. तात्या काठीनं बाजेचा खूर बडवत होते, तोंड उघडं, आणि त्यातून आवाज येत नव्हता. मी डबा बडवला, ओरडलो, धावलो. पाखरं निवांत उठली. मागं कणसांची नुसती रिकामी बोंडं राहिली होती. संध्याकाळी आईनं ती कणसं बघितली आणि एवढंच म्हणाली, "जिंकलास का पण?"

दुसऱ्या दिवशी मी तात्यांशेजारी बाजेवर बसलो. मनात एक कल्पना होती आणि तिचा मला थोडा अभिमानही होता. मी म्हणालो, "तात्या, तुम्हाला पिचर करतो. तरणे करतो. बघा तरी." खेळ काय चाळिशीच्या पुढचं वय फारसं घेत नाही, म्हणून विशीतला गडी घेतला. उंची घातली, सावळा रंग घातला, तात्यांसारखं बसकं नाक घातलं, मिशा घातल्या. नाव टाकलं त्यांचंच, रंगनाथ. तात्या बघत होते. मग त्यांचा डावा हात उठला आणि त्यांनी माझं बोट बाजूला सारलं.

वारं गेल्यापासून त्यांनी आपणहून केलेली ती पहिली गोष्ट. त्यांनी त्यांचं खरबरीत बोट पट्टीवर ठेवलं आणि नाक सरकवलं. लांब झालं. आणखी लांब केलं. रंग उजळला. मिशा काढून टाकल्या आणि दाढी ठेवली. मी म्हणालो, "तात्या, तुम्हाला कुठं दाढी?" त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी मोबाईल त्यांच्यापुढं सरकवला.

असे आमचे दिवस जाऊ लागले. मी माळ्यावरून उतरायचो, बाजेवर बसायचो, आणि आम्ही बापलेक एका माणसाची हनुवटी घडवायचो. थोडी निमुळती. नको, एवढी नको. मान हलवून, बोट झटकून, कधी माझ्या मांडीवर चापट मारून. कपाळ मोठं झालं. डोळे काळ्याचे घारे झाले. कोणत्या हातानं चेंडू टाकणार, असा प्रश्न येतो. मी उजवा दाबला, त्यांनी पुसून डावा केला. तेव्हा मात्र मला भडभडून आलं. म्हटलं, उजवा गेला, आता डावाच उरलाय, म्हणून बिचारे डाव्यावर मन बसवतायत. मी माळ्यावर जाऊन पाठ फिरवून रडून घेतलं. मी किती शहाणा होतो बघा.

नावाशी गाडी अडली. रंगनाथ त्यांना चालेना. मी दुसरी नावं म्हणून पाहिली, माझं नाव म्हणालो, आजोबांचं म्हणालो, मान आडवीच. लिहिता येत नव्हतं, बोलता येत नव्हतं. त्यांच्या कपाळावर शीर उभी राहिली, ओठ वाकडे झाले, आणि मग त्यांनी तोंडच फिरवलं. मी नाव मोकळं सोडलं. मोकळं सोडलं की खेळ स्वतःच नाव देतो. त्यानं दिलं, जॉन्सन. घाऱ्या डोळ्यांचा, दाढीवाला, डावखुरा जॉन्सन पाठीवर नाव घेऊन उभा राहिला आणि तात्यांनी त्याच्या तोंडावरून बोट फिरवलं, काच पुसावी तसं.

संध्याकाळी आई भाकरी थापत होती. मी गंमत म्हणून तिच्यापुढं मोबाईल धरला. "बघ, तात्यांनी हा कोण जॉन्सन केलाय."

तिनं पिठाचा हात मागं घेतला. जाळाच्या उजेडात नीट बघितलं. "जॉन्सन कशाचा? हुसेन हाय की ह्यो."

आणि मला हुसेनचाचा दिसला. पलीकडच्या बांधावरचा. डाळिंबाच्या आधी तिथं त्याची ज्वारी असायची आणि ज्वारीत त्याचा माळा. डावरा होता, त्याच्या गोफणीतला गोटा उलट्या अंगानं यायचा म्हणून पाखरं गोंधळायची, असं तात्या म्हणायचे. हाऽऽ हुर्रर्र हाऽऽ, अशी तात्यांची हाळी जायची, आणि ती संपते न संपते तोच पलीकडून होऽऽ हो होऽऽय अशी त्याची यायची. दिवसभर. एकमेकांचं तोंड दिसत नसताना, मधे उभी ज्वारी. आम्हा पोरांना वाटायचं, हे पाखरांनाच ओरडतायत. पुढं त्याच्या मुलानं नगरला वेल्डिंगचं दुकान टाकलं आणि म्हाताऱ्याला नेलं. रान विकलं गेलं. नव्या मालकानं डाळिंब लावलं, जाळी बांधली. जाळीला हाळी कशाला लागते? मग तात्या पुढची सगळी वर्षं एकटेच हाळी देत राहिले. पलीकडून काही यायचं नाही. आणि हे आमच्या घरात कोणाच्या ध्यानात सुद्धा आलं नाही. मला तर नाहीच नाही. मी पुण्यात माणसांचे कान टोपीत बसवत होतो.

"तुझ्याकडं नंबर आहे का चाचाचा?" मी विचारलं.

"हाय की. आजारपन कळलं तसा लई येळा फोन आला त्याचा. ह्यांनी तोंड फिरवलं. आता ह्यांला बोलाया येत न्हाई, तर फोन धरून काय मुकं बसायचं?" तिनं भाकरी उलटली. "लाजत्यात रं ते. हुसेनफुडं तर लईच."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तात्यांना न विचारता फोन लावला आणि आवाज मोठा करून बाजेवर ठेवला. पलीकडं कुकरची शिट्टी झाली, पोरं ओरडली, मग तो जाड आवाज. "कोण?" मी सांगितलं. "रंगा हाय का तिथं? रंगा! अरे बोल की रे! एवढं काय महाग झालं बोलनं?" तात्यांचं तोंड उघडलं. ओठ एका बाजूला ओढले गेले. घशात नुसती घरघर. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ते पुसायला त्यांना हात कुठला उचलावा तेही सुचेना. पलीकडं चाचाही गप्प झाला. मला वाटलं, हात दाखवून अवलक्षण झालं. आपण भलतंच केलं. फोन बंद करायला मी हात पुढं केला.

तेवढ्यात ओढ्याकडून थवा उठून आमच्या डोक्यावर आला. तात्यांनी मान वर केली. छातीचा भाता भरला. आणि त्यांच्या आतून, शब्द नसलेल्या त्या तोंडातून, हाऽऽ हुर्रर्र हाऽऽ अशी हाळी निघाली. लांब, चढत जाणारी, पहिल्यासारखी. थवा वळला. मग नगरच्या त्या कुठल्याशा दुसऱ्या मजल्यावरून, भांड्यांच्या आणि पोरांच्या मधून, होऽऽ हो होऽऽय.

त्यानंतर ते दोघं बोललेच नाहीत. पुन्हा तात्यांची हाळी, पुन्हा त्याची. नगरच्या घरातली पोरं खिदळत होती. ज्वारी काढणीला येईपर्यंत रोज दुपारी हे चालायचं. डॉक्टरला सांगितलं तर तो म्हणाला, कधीकधी होतं असं; शब्द जातात पण गाणं, आरोळी राहून जाते. शब्द त्यांचे परत आलेच नाहीत. काढणी झाल्यावर तात्या एक दिवस झोपेतच गेले. चाचा मातीला आला, बांधापर्यंत चालत गेला, डाळिंबाच्या जाळीला हात लावून उभा राहिला आणि गाडीत बसला.

जॉन्सनही गेला. खेळाची नवी आवृत्ती आली आणि जुने बनवलेले खेळाडू सगळे पुसले गेले. मी तो चेहरा पुन्हा करायचा प्रयत्न केला. नाक जमतं, दाढी जमते, घारे डोळे जमतात. पण हनुवटी येत नाही. तेवढं तात्यांच्याच बोटाला ठाऊक होतं. आता मी परफेक्ट गेम खेळत नाही. एकटा बाकाच्या टोकाला बसलेला तो पिचर दिसला की मला वाटतं, अरे, कोणीतरी जाऊन बसा त्याच्याजवळ. लागली नजर तर लागू दे.

काल दुपारी माळ्यावर होतो. ज्वारी आता आम्ही खाण्यापुरतीच करतो, पण माळा मी दरसाल बांधतो. फोन वाजला. नगरचा नंबर होता. चाचाची सून बोलत होती. "भाऊ, अब्बांना आता काहीच ऐकू येत नाही. मशीन लावलं, तरी नाही. पण ह्या दिवसांत दुपार झाली की फोन लावून द्या म्हणतात. तुम्ही बोलू नका काही. नुसता धरून ठेवा."

मग तिनं फोन त्याच्याकडं दिला. आधी श्वास ऐकू आला. मग होऽऽ हो होऽऽय. आवाज फाटलेला, पण तोच. ती संपली आणि चाचा थांबला. उगाच नव्हता थांबला. तात्यांच्या हाळीला जेवढा वेळ लागायचा, बरोबर तेवढाच थांबला, आणि मग पुन्हा आपली दिली. पुन्हा तेवढंच थांबणं. ऐकू येत नाही त्याला, पण तात्यांची जागा त्यानं सोडून ठेवली होती.

तिसऱ्या खेपेला मी उभा राहिलो. डबा होता शेजारी, तो नाही वाजवला. त्यानं सोडलेल्या जागेत तोंड उघडून मी तात्यांची हाळी दिली. त्याला ऐकू जाणार नव्हतीच. माझा दम तेवढा नाही. हाळी अर्ध्यातच संपली. उरलेला वेळ आम्ही दोघं गप्प राहिलो.